स्वस्तातलं ५.१ होम थिएटर घेताय? आधी सेटची पाठ बघा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर नाशिकमधल्या एमजी रोडवरच्या एका दुकानातून मी मोठ्या हौसेने ५.१ होम थिएटर उचलून आणलं. डब्यावर हे मोठ्ठे आकडे, निळे लाईट, ब्लूटूथ, पेनड्राईव्ह, एफएम, रिमोट, सगळं होतं. अख्खा रविवार वायरी ओढण्यात गेला आणि संध्याकाळी मॅच लावली तर कॉमेंटेटर समोरून पण बोलतोय आणि मानेमागून पण तोच, तसाच बोलतोय. आई म्हणाली, "अरे हा माणूस मागून का ओरडतोय?" दुकानात फोन केला तर पलीकडून शांतपणे, "सर, पाचही स्पीकर वाजतायत ना?" वाजत होते. बरोबर होतं त्याचं.

पाच स्पीकर असणं आणि पाच वेगवेगळे आवाज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं, पैसे गेल्यावर. ५.१ म्हणजे समोर डावा, समोर उजवा, मधला म्हणजे सेंटर, मागचे दोन सराउंड असे पाच स्वतंत्र चॅनेल, आणि पॉइंट वन म्हणजे फक्त खालच्या धडधडीसाठीचा सबवूफर. पिक्चरमधले डायलॉग बहुतेक सेंटरमधून येतात आणि पाऊस, गर्दी, मागून जाणारी गाडी हे मागच्यांतून. हे सहा आवाज टीव्हीतून वेगवेगळे निघून तुमच्या सेटमध्ये वेगवेगळे शिरले पाहिजेत, नाहीतर एकच स्टिरिओ आवाज पाच ठिकाणी वाटला जातो, प्रसादासारखा.

म्हणून हा लेख. माझा हॉल पाथर्डी फाट्याजवळच्या टू बीएचकेमधला, १० बाय १४, एका बाजूला बाल्कनीचं स्लायडिंग, दुसऱ्या बाजूला किचनकडे जाणारा पॅसेज, म्हणजे नाशिकमधल्या निम्म्या फ्लॅटसारखाच. तुमचाही असाच असेल तर माझं बरंचसं जसंच्या तसं चालेल.

१. दुकानात जायच्या आधी टीव्हीच्या मागे जा

मोबाईलचा टॉर्च लावा, टीव्हीच्या मागच्या सगळ्या भोकांचे फोटो काढा आणि फोटो फोनमध्येच ठेवा, दुकानात लागतील. तीनपैकी काय आहे ते बघायचं.

एचडीएमआय एआरसी. टीव्हीला दोन-तीन एचडीएमआय असतात पण त्यातल्या साधारण एकाच पोर्टच्या शेजारी बारीक अक्षरात एआरसी किंवा त्याची पुढची आवृत्ती ईएआरसी असं लिहिलेलं असतं. एरवी एचडीएमआयमधून आवाज टीव्हीत येतो, या पोर्टातून तो उलटा बाहेरही जातो. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं आणि ईएआरसी २०१७ च्या २.१ बरोबर, त्यामुळे गेल्या दहा वर्षांतला टीव्ही असेल तर एआरसी बहुधा आहेच. बजेट सेटला साधं एआरसी पुरतं, ईएआरसी नाही म्हणून टीव्ही बदलायचा विचार मनातून काढून टाका.

ऑप्टिकल. चौकोनी छोटं भोक, आत लाल उजेड. यातून डॉल्बी डिजिटल, म्हणजे ५.१ चे सहाही आवाज एकत्र बांधून पाठवायची पद्धत, व्यवस्थित जातं. अ‍ॅटमॉस जात नाही (म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार), पण आपल्या बजेटात अ‍ॅटमॉस तसंही फार मनावर घेऊ नका. डब्यावर अ‍ॅटमॉस लिहिलंय आणि वर तोंड केलेला किंवा छताला लावायचा एकही स्पीकर नाही, तर ते वरून येणं आभासीच असतं.

फक्त हेडफोनची पिन किंवा लाल-पांढरी भोकं. यातून फक्त दोन चॅनेल निघतात. काहीही करा, तिसरा निघत नाही. टीव्हीला एवढंच असेल तर आधी टीव्हीचं बघा किंवा चांगलं २.१, म्हणजे दोन स्पीकर आणि वूफर, घ्या आणि सुखी राहा.

आणि ब्लूटूथ. "सर वायरची झंझटच नाही, टीव्हीला ब्लूटूथने जोडा" असं कोणी म्हणालं तर हसून पुढे चला. टीव्हीकडून स्पीकरला ब्लूटूथने जातो तो स्टिरिओच, शिवाय ओठ आधी हलतात आणि आवाज उशिरा येतो.

२. हॉल मोजा, सोफा कुठे आहे ते बघा

टेप घ्या आणि कागदावर साधं चित्र काढा: टीव्ही, सोफा, दारं, प्लगचे बोर्ड. टीव्हीपासून सोफ्यावरच्या तुमच्या कानापर्यंतचं अंतर लिहा, माझं ९ फूट आहे.

आपल्याकडे सोफा हमखास मागच्या भिंतीला चिकटलेला असतो, तो पुढे ओढला की घरात महाभारत. मग मागचे स्पीकर मागे लावणारच कुठे? काळजी नको, ५.१ मध्ये सराउंड अगदी पाठीमागे नसतातच, ते तुमच्या बाजूला आणि किंचित मागे असतात. सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती मिळाल्या तरी काम होतं. माझ्याकडे एका बाजूला पॅसेज मोकळा होता तर तिथे एक जुना लोखंडी स्टँड वापरला, घरचे अजून त्याला धडकतात.

दोन्ही बाजू मोकळ्या असतील, हॉल डायनिंगला जोडलेला असेल आणि वायर न्यायला मार्गच नसेल तर हट्ट करू नका. समोरचे तीन (टीव्हीखालच्या एकाच लांब पट्टीत) आणि वूफर असलेला ३.१ साउंडबार घ्या. सराउंडशिवाय आयुष्य थांबत नाही, पण डायलॉग कळला नाही तर चिडचिड होते, आणि डायलॉग सेंटरमधून येतो.

३. तीन रस्ते आहेत, खिशाप्रमाणे

पहिला: मागचे स्पीकर आणि सबवूफर सोबत मिळणारा ५.१ साउंडबार. सोनीचा एचटी-एस२०आर हे याचं माहितीतलं उदाहरण, ४०० वॉटचा, एआरसी पण आहे आणि ऑप्टिकल पण, मागचे स्पीकर वायरने सबवूफरला जोडायचे. या जातीचे सेट साधारण १५ ते २० हजारांत सापडतात. पहिल्यांदा घेणाऱ्या दहापैकी आठ जणांना मी हेच सांगतो. तोटा एकच, उद्या एखादा स्पीकर बदलून मोठा लावू म्हटलं तर जमत नाही, पिनाच त्यांच्या त्यांच्या असतात. आणि सोबतच्या वायरची लांबी घ्यायच्या आधी विचारा, मोठ्या हॉलमध्ये ती नेमकी दरवाज्यापाशी संपते.

दुसरा: एव्ही रिसीव्हर, म्हणजे आवाज वेगळे करून स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प, वेगळा आणि स्पीकर वेगळे. आवाजाला तोड नाही, हळूहळू वाढवता येतं, आज समोरचे दोन घेतले, दिवाळीला सेंटर, असं करता येतं. पण नवीन सगळं मिळून ५० हजारांच्या आत बसवणं अवघड, म्हणून लोक सेकंडहँडकडे वळतात. वळा, पण दोन गोष्टी तपासा. जुन्या रिसीव्हरचे एचडीएमआय बोर्ड बरेचदा उडालेले असतात, चालू करून प्रत्येक पोर्ट लावून बघा. एचडीएमआय मेलेला पण ऑप्टिकल चालू असेल आणि किंमत त्या हिशोबाने कमी असेल तर तो सौदा वाईट नाही. दुसरं, मागची व्होल्टची पट्टी वाचा. परदेशातून कोणीतरी आणलेला सेट जपानचा १०० व्होल्टचा किंवा अमेरिकेचा १२० व्होल्टचा असू शकतो, आपल्याकडे २३० व्होल्ट, प्लग घातला की धूर. आणि जुन्या डीव्हीडी होम थिएटरचे ३ ओमवाले (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) छोटे स्पीकर रिसीव्हरला फुकटात लावू असा विचार आला तर आधी रिसीव्हरच्या मागे किती ओमपर्यंत चालतं ते बघा, बहुतेकांना ६ च्या खाली नको असतं.

तिसरा रस्ता माझ्यासारख्या फसलेल्यांसाठी. घरात आधीच एखादं मल्टीमीडिया ५.१ पडलंय आणि त्याच्या मागे सहा चॅनेलची इनपुट आहे, म्हणजे सहा गोल आरसीए किंवा तीन छोट्या पिनांची भोकं, तर ते वाचवता येतं. ऑप्टिकल घेऊन सहा आवाज वेगळे काढून देणारा ५.१ डिकोडरचा छोटा डबा मिळतो, मला दीड-दोन हजारांत मिळाला. हे डबे सहसा डॉल्बी डिजिटल आणि तसाच दुसरा फॉरमॅट डीटीएस ओळखतात, नवीन डॉल्बी डिजिटल प्लस ओळखत नाहीत, म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये आउटपुट साधं डॉल्बी डिजिटल ठेवायचं. माझ्या सेटला नशिबाने सहा भोकं होती, मी त्यावर एक वर्ष काढलं आणि मग साउंडबारवर आलो. मागे फक्त लाल-पांढरी दोनच भोकं असतील तर डिकोडरचा काही उपयोग नाही.

४. दुकानात: पुढून बघू नका, मागून बघा

एमजी रोड, मेनरोड, कॉलेज रोडच्या शोरूम, कुठेही जा, सेल्समन पेनड्राईव्हवरचं ढोलाचं गाणं लावणार, बेस फुल्ल करणार आणि तुमचा शर्ट हलला की विचारणार, कसं वाटतंय. छान वाटणारच, नाशिकच्या माणसाला ढोल वाईट कधी वाटलाय. पण त्यातून ५.१ बद्दल शून्य माहिती मिळते. तुम्ही म्हणा, सेट फिरवा, मागची बाजू दाखवा.

मागे एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल आहे का, आणि त्याबरोबर डॉल्बी डिजिटलचा डिकोडर आत आहे का. दोन्ही लागतं. नुसतं ऑप्टिकलचं भोक आहे पण आत फक्त स्टिरिओ समजतं असेही सेट असतात. मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर तिथेच उभं राहून मॅन्युअल उघडा, सपोर्टेड फॉरमॅटच्या यादीत डॉल्बी डिजिटल लिहिलेलं दिसलं पाहिजे. सेल्समन थोडा वैतागतो, वैतागू दे.

आता वॉट. ५००० वॉट, १०००० वॉट असं लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ. हा आकडा मोजायची कुठलीच ठरलेली पद्धत नाही, कोणीही काहीही लिहितं. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती खरी ताकद. आणि मागच्या स्टिकरवर हा सेट विजेतून किती वॉट घेतो ते असतं. तो आकडा साधारण वापराचा असतो म्हणून आरएमएसशी तंतोतंत जुळत नाही हे खरं, पण स्टिकर म्हणतोय ७० वॉट आणि डबा म्हणतोय १०,०००, तर वीज काय गोदावरीतून येतेय का? आणखी एक, दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज नाही. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. तेव्हा ३०० आणि ४०० वॉटच्या सेटमध्ये वॉटवरून निवड करू नका, १० बाय १४ च्या हॉलला दोन्ही भरपूर झाले.

शेवटी त्यांना सेट दुकानातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडून एखादा ओटीटीवरचा पिक्चर लावायला सांगा आणि मागच्या स्पीकरला कान लावा. डायलॉग मागे पण तितकाच मोठ्याने येत असेल तर तो माझावाला सेट आहे, नमस्कार करून बाहेर या.

५. घरी आणताना सोबत काय लागेल

एचडीएमआय केबल, साधी चांगली हायस्पीड. हजार रुपयांची सोन्याच्या मुलाम्याची केबल एआरसीच्या आवाजात काडीचाही फरक करत नाही. ऑप्टिकल वापरणार असाल तर ती केबल, आणि तिच्या टोकाची प्लास्टिकची छोटी टोपी काढायची असते, हो, मी नव्हती काढली. रिसीव्हरवाल्यांना स्पीकर वायर, वायर सोलायचा कटर, केसिंग पट्टी, गिट्टी-स्क्रू, ड्रिल कोणाकडून तरी मागून, टेप, मार्कर, चिकटपट्टी, आणि एक पेन्सिल सेल, तो कशाला ते पुढे सांगतो.

६. वायर

रिसीव्हरवाल्यांसाठी: १६ गेजची तांब्याची वायर घ्या, ६ ते ८ ओमच्या स्पीकरला ३०-३५ फुटांपर्यंत ती आरामात पुरते. घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, वरून तांबूस आणि आत पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे, स्वस्त असते, वाकवली की तुटते. शालिमारच्या बाजूच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत मीटरवर सुटी मिळते.

किती घ्यायची याचा हिशोब सरळ अंतरावर करू नका. माझं टीव्ही ते मागचा स्पीकर हे अंतर डोळ्यांनी १२ फूट दिसत होतं. वायर भिंतीच्या कडेने जाते, मग मध्ये दार आलं की चौकटीवरून वर ७ फूट आणि परत खाली ७, झाले १४ फूट जास्तीचे. एका बाजूला ३० फूट लागली. मी २० आणली होती. दोन्ही सराउंडला डावी-उजवी वायर सारख्याच लांबीची हवी असं काही नाही, तो गैरसमज आहे.

केसिंग पट्टी लाईटच्या वायरपासून लांब ठेवा, आणि लाईटच्या पाईपातच स्पीकरची वायर घालून टाकू हा शॉर्टकट मारू नका, धोक्याचं आहे ते. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. टाइल्सवरून गालिच्याखालून वायर नेणं तात्पुरतं ठीक, पण झाडू मारणाऱ्या मावशी ती कधीतरी ओढणारच.

७. स्पीकर कुठे ठेवायचे

सेंटर किंवा साउंडबार टीव्हीच्या बरोबर खाली, तोंड कानाकडे. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका, कडेपर्यंत पुढे आणा, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

समोरचे दोन कानाच्या उंचीला, तुमच्याकडून बघताना मध्यापासून दोन्हीकडे साधारण २२ ते ३० अंशांवर. अंश कोण मोजणार, म्हणून सोपं: ९ फुटांवर बसत असाल तर दोघांमध्ये ७ ते ९ फूट अंतर ठेवा. मला ७ च मिळाले, बास झाले.

सराउंड ११० ते १२० अंशांवर, म्हणजे तुमच्या बरोबर बाजूला नाही तर खांद्याच्या थोडं मागे, आणि कानापेक्षा एक-दोन फूट वर. जमिनीपासून ५ फूट धरा. लोक हे स्पीकर पार छताच्या कोपऱ्यात टांगतात, देवळातल्या भोंग्यासारखे, तसं करू नका. डावा-उजवा नीट बघा, सोफ्यावर बसून टीव्हीकडे तोंड केल्यावर जो डावा तो डावा. मी टीव्हीकडे पाठ करून उभा राहून लावले होते, आठवडाभर गाड्या उलट्या दिशेने जात होत्या.

सबवूफरची जागा शोधायची एक वेडी पण खरी पद्धत आहे. वूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवा, बेसचं एकच गाणं सुरू ठेवा, आणि मग तुम्ही जमिनीवर रांगत हॉलच्या कडेकडेने फिरा. काही ठिकाणी बेस नुसता घुमतो, काही ठिकाणी गायब होतो, आणि एखाद्या ठिकाणी स्वच्छ, मोजका ऐकू येतो, वूफर तिथे ठेवायचा. बायको व्हिडिओ काढते, काढू दे. कोपऱ्यात ठेवला की बेस जास्त येतो पण बरेचदा फुगलेला येतो. फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे आपल्या हॉलमध्ये तसाही घुमारा असतो, जाड पडदे आणि एक सतरंजी टाकली तरी डायलॉग लगेच सुधारतात, यावर खर्च शून्य.

८. जोडणी

मेन प्लग शेवटी. हे आधी लिहून ठेवा.

आधी स्पीकर. रिसीव्हरला लाल ते लाल, काळा ते काळा. सोललेले तांब्याचे धागे घट्ट पिळून घाला, एक केसाएवढा धागा शेजारच्या टोकाला टेकला तरी अ‍ॅम्प प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो, नशीब वाईट असेल तर कायमचा जातो. एखादा स्पीकर उलटा लागला तर बंद पडत नाही, वाजतो, म्हणून कळत नाही, फक्त बेस पातळ होतो आणि आवाजाची जागा सापडत नाही. पेन्सिल सेल त्यासाठी आणलाय: वायरच्या अ‍ॅम्पकडच्या टोकांना, ती अ‍ॅम्पला न जोडलेली असताना, सेल क्षणभर टेकवा, सेलची अधिक बाजू लालच्या वायरला. स्पीकरचा पडदा टचकन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर कुठेतरी लाल-काळं उलटं झालंय.

मग सबवूफरची केबल, रिसीव्हरच्या सब प्री-आउटमधून वूफरच्या एलएफई इनपुटला. मग एचडीएमआय: टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टातून रिसीव्हरच्या एचडीएमआय आउट एआरसीला. इन ला नाही, आउट ला. आवाज टीव्हीतून येतोय मग इन हवं असं डोकं सांगतं, डोक्याचं ऐकू नका.

रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नका, वर चार बोटं नाही, चांगली वीतभर जागा सोडा. नाशिकची ती जुनी थंडगार हवा आता एप्रिल-मेमध्ये राहिलेली नाही.

९. सेटिंग, खरा खेळ इथे आहे

सगळं बरोबर जोडूनही ५.१ येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा टीव्हीतल्या एका ओळीत असतं. सेटिंग, साउंड, डिजिटल ऑडिओ आउट. तिथे पीसीएम ठेवलं असेल तर एआरसी किंवा ऑप्टिकलवर स्टिरिओच बाहेर पडतो. ते ऑटो, पास-थ्रू, बिटस्ट्रीम किंवा डॉल्बी डिजिटल यातलं जे असेल ते करा. आउटपुट टीव्ही स्पीकरवरून रिसीव्हर किंवा साउंडबारवर न्या. आणि एचडीएमआय सीईसी, म्हणजे टीव्ही आणि सेटला एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू करा, सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सीईसी बंद असेल तर एआरसी बरेचदा सुरूच होत नाही, आणि चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. आमच्या आईच्या दृष्टीने अख्ख्या सेटमधली एवढीच एक चांगली गोष्ट आहे.

सेटटॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग स्टिकला स्वतःचं ऑडिओ सेटिंग असतं, तिथेही स्टिरिओ असेल तर डॉल्बी करा. जुने काही टीव्ही स्वतःच्या अ‍ॅपचं ५.१ ऑप्टिकलमधून देतात पण एचडीएमआयला लावलेल्या बॉक्सचं स्टिरिओ करून देतात. अ‍ॅपमध्ये मागचे स्पीकर नीट आणि बॉक्सवर मुके, असं दिसलं तर हेच कारण.

तपासायला यूट्यूबवर "५.१ टेस्ट" शोधू नका. तिथले बरेच व्हिडिओ आपल्यापर्यंत दोन चॅनेलचेच पोचतात, सेट चांगला असून तुम्ही त्याला शिव्या घालाल. ओटीटीवर ज्या पिक्चरच्या माहितीत ५.१ लिहिलंय तो लावा, रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी डी किंवा तसं काही उमटलं पाहिजे, पीसीएम उमटलं तर वरच्या परिच्छेदाकडे परत.

मग अंतरं. आवाज साधारण एका मिलिसेकंदाला एक फूट जातो. माझे पुढचे स्पीकर ९ फुटांवर, मागचे ४ वर, म्हणजे मागचा आवाज ५ मिलिसेकंद आधी पोचणार, रिसीव्हरला अंतरं दिली की तो मागच्यांना तेवढं थांबवतो. टेपने कानापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत मोजा आणि भरा. स्पीकर साईज स्मॉल ठेवा, समोरचे चांगले उंच टॉवर असतील तरीही, आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, मुठीएवढे छोटे स्पीकर असतील तर १२० च्या आसपास. म्हणजे त्याखालचं सगळं वूफर सांभाळतो आणि छोट्यांचा जीव वाचतो. साउंडबारवाल्यांना हे सगळं आतूनच ठरवलेलं असतं, त्यांनी फक्त रिअर आणि वूफरची लेव्हल बघायची.

लेव्हलसाठी रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा आणि फोनमध्ये डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेऊन आपल्या जागी बसा, प्रत्येक स्पीकर ७५ च्या आसपास आणा. फोनचा आकडा खरा नसतो, पण सगळ्यांना एकाच फुटपट्टीने मोजायचंय तेवढ्यापुरता चालतो. नवीन माणूस इथे एकच चूक करतो, मीही केली, मागचे स्पीकर ऐकू यावेत म्हणून ते वाढवून ठेवतो. चांगल्या सेटमध्ये मागचे स्पीकर अर्धा पिक्चर गप्पच असतात. पैसे वसूल होत नाहीत असं वाटतं, पण ते तसेच असायचे असतात.

१०. अडलं तर

सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर केबलवाल्याची किंवा छत्रीची गोल वायर बॉक्समधून काढून बघा. घुंऽऽ थांबलं तर दोष तुमच्या सेटचा नाही, अर्थिंगच्या दोन वाटा भिडल्यात, बॉक्स आणि सेट एकाच बोर्डवर लावून बघा. अर्थिंगची पिन मोडून टाकायचा सल्ला देणारे भेटतील, तो कधीही ऐकू नका.

ओठ आणि आवाज जुळत नसेल तर एव्ही सिंक किंवा ऑडिओ डिले, दोन-दोन पायऱ्यांनी.

एआरसी काल चालू होतं आणि आज गायब, हे होतं. टीव्ही आणि सेट दोन्हींचे प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही मग सेट लावा. लाईट गेल्यावर माझं दर दोन महिन्यांनी एकदा तरी होतं.

डायलॉग पुटपुटल्यासारखे आणि हाणामारी कानठळ्या बसवणारी वाटली तर नाईट मोड लावा, किंवा सेंटरची लेव्हल दोन-तीन डेसिबल वाढवा. रात्रीसाठी तर लावाच. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि भिंतीतून जातो तो बेसच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू कायद्याची भाषा बोलत नाहीत, त्या सकाळी पाण्याच्या वेळी जिन्यात भेटल्या की म्हणतात, "काल पिक्चर छान होता वाटतं." वूफरखाली जाड रबरी मॅट टाकलीये, थोडा फरक पडतो, फार नाही. दहानंतर वूफर चार पायऱ्या खाली.

११. कागद आणि खोका

पक्कं जीएसटी बिल, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथल्या तिथे मारून घ्या. ऑनलाइन मागवलं तर खोका फोडतानाचा सलग व्हिडिओ, आणि सगळे पाचही स्पीकर परत करायच्या मुदतीच्या आत वाजवून बघा, "पुढच्या रविवारी लावू" म्हणत ठेवलं की मुदत निघून जाते. बिलाचा फोटो काढून ठेवा कारण थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात.

खोका थर्माकोलसकट माळ्यावर. सर्व्हिस सेंटरला रिक्षातून नेताना वूफर मांडीवर घेऊन बसायची वेळ येत नाही.